तिसरी ओळ

फालेतोआ, सवाई बेट
१२ एप्रिल १९८७

आपिनेरू,

आधी बस, मग वाच. मोसे काका गेले. पंधरा दिवस झाले. सकाळी कोको प्यायले, कप खाली ठेवला आणि खांबाला टेकले ते टेकलेच. हाल काही झाले नाहीत. घरासमोर बाबांच्या शेजारीच ठेवलंय त्यांना. तुला तार करणार होते, पण तू येईपर्यंत सगळं उरकलं असतं. आणि तू आला असतास की नाही, हे तरी कुणी सांगावं? वीस वर्षांत दोनदा आलास, दोन्ही वेळा मयताला, आणि दोन्ही वेळा मागच्या चटईवर बसून मुकाट्याने परत गेलास.

आता मुद्द्याचं. काल सगळं घराणं बसलं होतं. काकांची काठी आणि चवरी कुणाच्या हातात द्यायची, एवढाच विषय. मला वाटलं होतं भांडणं होतील. कसली भांडणं? म्हाताऱ्या सोलोमोनाने तुझं नाव घेतलं आणि बाकीच्यांनी माना हलवल्या. बाबा घराण्यातर्फे बोलणारे तुलाफाले होते, काका तुलाफाले होते, आता तू. आठ ऑगस्टला तुला पद द्यायचं ठरलंय. त्या दिवशी तू मैदानात उभा राहून गावासमोर बोलशील, की झालं.

सध्या गावाच्या बैठकीत आपल्या घरातर्फे तोंड उघडायला कुणी नाही. परवा पलीकडच्या गावचे लोक सांत्वनाला आले, चांगल्या चटया घेऊन. त्यांचे आभार मानायला शेजारच्या घरातला माणूस उसना आणावा लागला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तुझ्या लोसाला आणि इआनेताला माझी आठवण सांग. पोरगी आता दहाची झाली ना?

फुआतिनो


ऑकलंड
३ मे १९८७

प्रिय ताई,

पत्र मिळालं. काकांचं वाचून जेवण गेलं नाही. लोसाने चर्चमध्ये त्यांच्यासाठी प्रार्थना सांगितली.

पदाचं म्हणशील तर, घराण्याने माझं नाव घेतलं हा मोठेपणा तुमचा. पण ऑगस्टमध्ये गिरणीत लोकरीचा हंगाम असतो, मुकादम सुट्टी देणार नाही. माझा गुडघाही दुखतो, काठी धरून तासभर उभं राहणं जमायचं नाही. शिवाय इआनेताची शाळा. मी इथे राहून तिथल्या बैठकीला काय उपयोगाचा? सिआओसीला द्या. तो घराण्यातलाच, गावातच आहे, आणि त्याला बोलायला आवडतं.

चटया विणायला तुला धागा पाठवतोय, रंग लोसाने निवडलेत.

तुझा,
आपिनेरू


फालेतोआ
२४ मे १९८७

आपिनेरू,

धागा मिळाला. चटया पानांच्या विणतात, हे इतक्यात विसरलास होय? ठेवलाय, झालर करायला होईल.

तुझा गुडघा तिथे चर्चच्या नाचाला दुखत नाही वाटतं? सोलोमोनाच्या मुलीने फोटो पाठवलाय, त्यात चांगला एका पायावर उभा आहेस. आणि तो मुकादम. दरवेळी तुझा मुकादमच आडवा कसा येतो? एकदा त्याचं नाव तरी सांग, म्हणजे मी त्याच्याच पाया पडते.

सिआओसीला द्या म्हणतोस. सिआओसी बोलायला लागला की दुकानातल्या रेडिओसारखा, कुणी ऐको न ऐको, चालूच. मागे एका लग्नात त्याने नवऱ्यामुलाच्या आजोबांचं नावच चुकवलं. त्याच्या हातात बाबांची चवरी? मी माशा वारायला वापरीन, पण त्याला देणार नाही.

खरं काय ते मला कळतं रे. तू साहेब झालास. तुझ्या तोंडात तिथलं लोणी आहे, आता आमचा शिजवलेला तारोचा कंद घशाखाली कसा उतरेल? आम्ही इथे घराच्या नावासाठी खाली मान घालून बसायचं, आणि तू तिकडून रंगीत धागा पाठवायचा. लाज वाटू दे थोडी.

मी घराण्याला सांगून टाकलंय की तू येतोयस. आता मला तोंडघशी पाडायचं असेल तर पाड.

आणि अजून एक. गेल्या ऑक्टोबरात पांढऱ्या रविवारी पोरं चर्चमध्ये वचन म्हणतात, त्यासाठी इआनेताच्या झग्याला कापड पाठवलं होतं. बायबलातलं चांगलं वचन मिळालंय, तोंडपाठ केलंय, असं तिनेच लिहिलं होतं. झगा घालून वचन म्हणतानाचा फोटो पाठवणार होतास. आठ महिने होत आले. की तेही मुकादमाने अडवलं?

फुआतिनो


ऑकलंड
१४ जून १९८७

ताई,

हे पत्र तीन वेळा लिहून फाडलं. बहिणीशी असलं बोलू नये, हे मला कळतं. समोर असतो तर मेलो असतो पण बोललो नसतो. कागदावर लिहितोय, वाचून झालं की चुलीत टाक.

मी साहेब झालेलो नाही. अठरा वर्षं एकाच यंत्रावर आहे. इथे इतका आवाज असतो की कुणाला कुणाशी बोलावं लागत नाही. म्हणून तर टिकलो. मुकादम भला माणूस आहे, रॉय त्याचं नाव. त्याने मला दोनदा वर घ्यायचं म्हटलं. वर गेलं की सोमवारी सकाळी पंधरा माणसांसमोर आठवड्याचं काम सांगावं लागतं. दोन्ही वेळा मी नको म्हटलं. लोसाला सांगितलं की त्यांनी दुसऱ्याला घेतला.

तुला तो पांढरा रविवार आठवत असेल. मी नऊ वर्षांचा होतो. तू महिनाभर रोज संध्याकाळी माझ्याकडून वचन घोकून घेतलंस. पाच ओळींचं होतं. झोपेतून उठवलं तरी म्हणायचो. त्या दिवशी पुढे गेलो, दोन ओळी म्हटल्या, आणि तिसरी गेली. कुठे गेली देव जाणे. सगळं चर्च पांढरंपांढरं दिसत होतं. आणि मग मागच्या बाकावरून बाबा बोलले, ‘पुरे झालं.’ पुढचंही काहीतरी बोलले, मला ऐकू आलं नाही, कारण सगळे हसले आणि माझा कमरेचा पांढरा लावालावा ओला झाला. तुलाफालेच्या मुलाचा. मी पळालो. दुपारी, त्या दिवशी मोठी माणसं मुलांना आधी वाढतात तसं, बाबांनी मला स्वतः वाढलं, माशाचं डोकं वाढलं, आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यानंतर ते मरेपर्यंत मला कधी बोलायला म्हणाले नाहीत. मी समजलो. हा मुलगा बोलण्यातला नाही. त्यांना कळलं, मलाही कळलं, आणि तेवढ्यावर आजपर्यंत माझं आयुष्य निघालं.

आता फोटोचं. फोटो नाही, कारण इआनेता बोललीच नाही. तिला येत होतं, ताई. न्हाणीत म्हणायची, बसमध्ये म्हणायची. आदल्या दिवशी तिला आरशासमोर हात जोडून म्हणताना पाहिलं. मला तिच्या जागी मीच दिसायला लागलो. सकाळी मी पाळकांच्या घरी गेलो आणि सांगितलं की पोरीला ताप आहे. लोसालाही तेच सांगितलं, कपाळावर हात ठेवून. तुझा झगा खुंटीला होता. आणि एकदा ताप म्हटलं की तापासारखं वागवावं लागतं. इतर मुलांना त्यांचे बाप डुकराचं मटण आणि नारळातला तारो वाढत होते, आणि मी माझ्या धडधाकट मुलीला पांघरूण घालून चहा आणि बिस्किटं दिली. तिने निमूटपणे खाल्ली.

आता शाळेत बाई काही विचारतात तेव्हा ती हात वर करत नाही. लोसाने विचारलं तर म्हणाली, ‘आपल्या घरात कुणाला बोलता येत नाही.’

असा माणूस तुम्हाला काठी धरायला हवाय. सिआओसीला द्या.

आपिनेरू


फालेतोआ
५ जुलै १९८७

आपिनेरू,

पत्र चुलीत टाकलं. त्याआधी चार वेळा वाचलं.

मी तुला लोणी म्हणाले, ते मागे घेते. माझी जीभ अशीच आहे, तुला माहीत आहे.

आता ऐक. त्या दिवशी पहिल्यांदा हसले ती मी. मी चौदा वर्षांची होते, महिनाभर तुझ्यामागे घसा कोरडा केला होता, आणि तू तिसऱ्या ओळीशी तोंड उघडं ठेवून उभा. मला तुझी कीव आली नाही, मला माझीच लाज वाटली की लोक म्हणतील, हिने शिकवलं ते हे. म्हणून हसले. माझ्यामागून बाकीचे. तीस वर्षांत हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तू पळालास तेव्हा तुझ्यामागे येणारी एकच माणूस होती, ती मीच, आणि तुला वाटलं की ताई किती चांगली.

बाबा जे बोलले ते मी पुरं ऐकलं, मी त्यांच्या पुढच्याच बाकावर होते. ते म्हणाले, ‘पुरे झालं, तुलाफाले. तुझं बोलणं पोचलं.’

परत वाच. बैठकीत हे शब्द कधी आणि कुणाला म्हणतात, हे तुला मी सांगायचं? समोरच्या बाजूचा बोलणारा मोठा असला, की त्याला मध्येच थांबवतात. तुझी थोरवी आम्हाला माहीत आहे, आता श्रम नकोत, म्हणून. येरागबाळ्याला कुणी थांबवत नाही, त्याला बोलबोलून दमू देतात. तू या गावात एकोणीस वर्षं काढलीस, शंभरदा हे पाहिलंस, आणि एकदाही त्या दिवसाला लावून बघितलं नाहीस?

पण मी तुझ्याशी खोटं बोलणार नाही. त्यांनी ते मायेने म्हटलं, असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. चेहरा त्यांचाही पडला होता. कदाचित स्वतःची अब्रू झाकायला म्हटलं असेल. कदाचित दोन्ही. नंतर तुला बोलायला का म्हणाले नाहीत, तेही माहीत नाही. विचारायची सोय राहिली नाही, ते घरासमोर दगडाखाली आहेत, आणि मी रोज सकाळी त्यांच्यावरची पानं झाडते. पण शब्द हेच होते. ‘हा बोलण्यातला नाही’ असं त्या चर्चमध्ये कुणीही म्हटलं नाही. ते तूच म्हटलंस.

ऑगस्टचं नंतर बघू. आधी त्या पोरीला खरं सांग. बापाने मुलीपुढे मान खाली घालणं आपल्यात बसत नाही, माहीत आहे. घाल.

फुआतिनो


ऑकलंड
१९ जुलै १९८७

ताई,

काल सांगितलं. कपडे वाळत घालत होतो, ती चिमटे देत होती. म्हटलं, ‘इआनेता, पांढऱ्या रविवारी तुला ताप नव्हता.’

ती म्हणाली, ‘माहीत आहे. माझंच कपाळ होतं ना.’

मग म्हटलं, ‘मी खोटं बोललो.’ ती म्हणाली, ‘तेही माहीत आहे. मी नीट म्हणत नव्हते, म्हणून तुला माझी लाज वाटली.’

ताई, नऊ महिने ती हे मनात घेऊन माझ्या शेजारी जेवत होती. माझ्या लक्षात आलं की आत्ता गप्प बसलो तर बाबांसारखंच होईल. म्हणून सगळं सांगितलं, लावालावा ओला झाला तेही. ती हसली नाही. म्हणाली, ‘इतक्या लहानपणीचं?’ आणि पुढचा चिमटा दिला.

आठ ऑगस्टला येतोय. रॉयने हो म्हणायला अर्धं मिनिटही घेतलं नाही. भाषण मला येत नाही. पण येतोय.

आपिनेरू


फालेतोआ
६ सप्टेंबर १९८७

आपिनेरू,

असा कसा पळालास रे? शेवटची बोट होती म्हणे. तुझ्या वाटणीचं डुक्कर सिआओसीने नेलं आणि वर म्हणाला की भाषण जरा लांबलं. त्याने म्हणावं.

पण लांबलंच, खरं आहे. मी बायकांबरोबर मोठ्या घरात बसले होते. तू काठी रोवलीस, चवरी खांद्यावर टाकलीस, आणि मला वाटलं बाबाच उभे आहेत, फक्त पोट मोठं. सुरुवात चांगली झाली. गावाची पदं बरोबर घेतलीस. मग आपल्या घराण्याच्या नावांशी आलास आणि थांबलास. किती वेळ? माझ्या हातातली चटई मी तेवढ्या वेळात बोटभर उसवली. आणि तू समोरच्या बाजूच्या तुलाफालेकडे, म्हाताऱ्या लाफाएलेकडे, बघत होतास, की आता तरी हा थांबवेल.

तो थांबवणार होता. कारण आदल्या दिवशी दुपारी मी त्याच्याकडे टोपलीभर मासे घेऊन गेले होते आणि सांगितलं होतं, ‘माझा भाऊ अडकला तर लगेच बोला, पुरे झालं म्हणा.’ तुला एवढं मोठं पत्र लिहिणारी मी, माझाही विश्वास नव्हता. आता तू मला काय म्हणायचं ते म्हण.

त्याने चवरी उचललेली मी पाहिली. मग खाली ठेवली. आणि तू, देवा, पहिल्यापासून सुरू केलंस. सगळं. गावाची पदं, पाहुण्यांची पदं, पुन्हा पहिल्यापासून, लहान मूल घोकतं तसं. पोरं भुकेने रडायला लागली. पण या वेळी नावांशी आलास आणि सगळी नावं घेतलीस. बाबांचंही.

नंतर लाफाएलेला विचारलं, मासे खाल्लेत आणि शब्द का पाळला नाहीत? तो म्हणाला, ‘बाई, त्याचं संपलं नव्हतं. संपलं नसताना थांबवलं तर तो मान कसला?’ मग माशांबद्दल आभार मानले, ते मात्र लांबलचक.

काठी आणि चवरी तू नेलीस ते बरं केलंस, बैठकीत आता तुझ्या नावाने सोलोमोना बोलेल. माशा वारायला मी दुसरं काहीतरी बघते.

फुआतिनो


ऑकलंड
१३ ऑक्टोबर १९८७

ताई,

लाफाएलेला दिलेल्या माशांचं वाचून दोन दिवस तुझा राग आला होता. मग आठवलं की मीही तापाचं सांगितलं होतं. फिटंफाट.

परवा पांढरा रविवार झाला. तुझा झगा तिला आखूड होत होता, लोसाने खाली तुला पाठवलेल्या त्या रंगीत धाग्यातल्या उरलेल्या लडीची झालर लावली. आधी पाळकांकडे जाऊन मी गेल्या वर्षीच्या तापाचं सांगितलं. ते म्हणाले, त्यांना तेव्हाच संशय आला होता, कारण पोरगी खिडकीतून बघत होती. मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं.

गेल्या वर्षीचंच वचन तिने मागून घेतलं. पुढे गेली, दोन ओळी म्हटल्या, आणि अडली. तिसऱ्या ओळीशीच, ताई. मी मागच्या बाकावर. आता मी तुलाफाले, त्यामुळे आजूबाजूचे सगळे माझ्याकडे वळून बघायला लागले, की हा उठेल आणि शब्द टाकेल. माझं तोंड उघडलं होतं. शब्द जिभेवर होते, बाबांचेच. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की बाबांना त्या बाकावर काय झालं असेल. मी दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर बसून राहिलो.

ती छताकडे बघत होती. मग तिने खांदे उडवले, आणि चौथी ओळ म्हटली. मग पाचवी. मग वाकून जागेवर येऊन बसली.

तिसरी ओळ सोडूनच दिली तिने. कुणी हसलंही नाही. पुढच्या मुलाचं नाव पुकारलं. तीस वर्षांत, ताई, मला एकदाही सुचलं नव्हतं की ओळ सोडून पुढे जाता येतं. ऑगस्टमध्ये मैदानातसुद्धा नाही सुचलं, गावाला सगळं दोनदा ऐकवलं.

घरी आल्यावर मुलांची पंगत आधी बसली. मी वाढायला. तिच्यापाशी आलो तेव्हा तिने वर न बघता विचारलं, ‘तू उठणार होतास ना?’

‘हो.’

‘मग?’

म्हटलं, ‘तुझं संपलं नव्हतं.’

तिने ताट पुढे केलं. म्हणाली, ‘मग मटण वाढ. गेल्या वर्षीचंही.’

मी दोन वर्षांचं वाढलं.

तुझा,
आपिनेरू